फटफटीचा भाव

वस्तूचा भाव करणं हे काही खायचं काम नाही. कांद्याचा भाव करणारे पिंपळगावात पैशाला पासरी मिळतात, द्राक्षांचा भाव करणारे दिंडोरीच्या बांधाबांधावर मोबाईल कानाला लावून उभे असतात. पण होडीच्या मागं अडकवायचं, साठ-पासष्ट वर्षांपूर्वीचं विलायती इंजिन कुणी विकायला काढलं, तर त्याचा भाव कोण करणार? त्याला ना बाजार, ना आडत. सावळीरामच्या घरात या प्रश्नावरून बरीच डोकेफोड चालली होती. सावळीराम स्वतः मात्र ओट्यावर निवांत तंबाखू मळत बसला होता, कारण त्याच्याकडं उत्तर तयार होतं.

"हिरामण करील भाव," तो म्हणाला.

सावळीरामचा मळा गंगापूर धरणाच्या पाण्याला अगदी चिकटून आहे. झेंडू, शेवंती, वांगी, कोथिंबीर. पहाटे खुडायचं आणि नाशकात नेऊन विकायचं. धरण झालं तेव्हा यांची निम्मी जमीन पाण्याच्या अलीकडं राहिली आणि निम्मी पलीकडं. पलीकडची फुलं रस्त्यानं फिरवून आणायची तर बाजार उठून जायचा. म्हणून सावळीरामच्या वडिलांनी धरणाच्या कामावरचं सामान लिलावात निघालं तेव्हा हे इंजिन घेतलं. वर पिटुकली टाकी, खाली लांब दांडा, दांड्याच्या टोकाला पाण्यात फिरणारा पंखा. दोरी गुंडाळून हिसका दिला की असा आवाज करायचं की पलीकडच्या काठावरची कुत्री भुंकायला लागत. म्हणून घरात त्याचं नाव पडलं फटफटी.

ही फटफटी चालवायचे दोघं. मागं बसून दिशा धरायचा सावळीराम आणि दोरी ओढायचा हिरामण. हिरामण पेठकडच्या डोंगरातला. ऐन तारुण्यात कामाला म्हणून मळ्यावर आला आणि मळ्याचाच होऊन गेला. एका वर्षी भर पाण्यात फटफटीची पकड सुटली आणि ती गेली तळाला. हिरामणनं कमरेला दोर बांधून बुडी मारली. एकदा नाही जमलं, दोनदा नाही जमलं, शेवटी फटफटीला दोर अडकवून वर आला तेव्हा त्याच्या नाकातून रक्त येत होतं. त्या दिवसापासून सावळीरामचे वडील त्याला आपल्या शेजारी जेवायला बसवू लागले. पुढं रस्ता झाला, पिकअप आल्या, फटफटी पोत्यात गुंडाळून कांद्याच्या चाळीत जाऊन पडली. हिरामणनं बैलांचा धंदा धरला. घोटीच्या बाजारात घेणारा आणि देणारा यांच्या मधे उभं राहून सौदा जुळवणारा हेड्या म्हणून त्याचं नाव झालं. आता दोघांचे केस पांढरे झाले, पण आठवड्यातून एकदा हिरामणची मोटारसायकल मळ्यात आली नाही तर सावळीरामला जेवण गोड लागत नसे.

एवढं सांगितल्यावर सावळीरामनं त्याचंच नाव का घेतलं ते शहाण्याला कळावं. पण त्याच्या पोराला, भारतला, ते कळेना.

"आबा, हिरामणकाका बैलांचा भाव करतात. हे मशीन आहे. मोबाईलवर फोटो टाकू, चार गिऱ्हाईकं येतील, भाव आपोआप कळेल."

"तुझा मोबाईल घाल चुलीत. भाव मालाचा नसतो, गिऱ्हाइकाचा असतो. अन् गिऱ्हाईक ओळखावं तर हिरामणनं."

साळूबाई, सावळीरामची बायको, परातीत लसूण सोलत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "हेड्याला दोन तोंडं असतात, हे कोण म्हणायचं? तुम्हीच ना?"

"बाजारात असतील त्याला दोन. या घरात एकच हाय." सावळीरामला आता राग आला. चिमटीतली तंबाखू तशीच राहिली. "ऐकून ठेवा सगळ्यांनी. हिरामणनं जर मला एका पैशाला बुडवलं ना, तर या घरात मी पुन्हा कशात शब्द टाकणार नाय. मग तुमचं तुम्ही बघा."

झालं. म्हाताऱ्यानं आपली सगळी पत हिरामणवर लावून टाकली. सून मनीषा दारात उभी होती, ती गालातल्या गालात हसली आणि आत गेली. सावळीरामनं ते पाहिलं, पण पाहिलं नाही असं दाखवलं.

भारतनं फोटो टाकायचा तो टाकलाच. त्यावरून इंदिरानगरचे खांबेटे साहेब आले. कारखान्यातून निवृत्त झालेले, अंगानं काटकुळे, बोलायला मोकळे. जुनी इंजिनं जमवायची, दुरुस्त करायची आणि चालू करून बघायची हा त्यांचा नाद. बंगल्याच्या अंगणात गाडी उभी करायला जागा नाही इतके पंप आणि स्कूटर, असं ते स्वतःच सांगत होते. चाळीत पोतं सोडलं तेव्हा ते फटफटीपुढं मांडी घालून बसले, पँटची पर्वा न करता. नंबरपट्टी शाबूत आहे, मूळचा रंग आहे, पंख्याला फक्त एक टवका आहे, असं स्वतःशीच पुटपुटत राहिले. हा माणूस फटफटीला भंगारात घालणार नाही, पाण्यात घालणार, हे सावळीरामला तिथंच कळलं आणि तो मनातून सुखावला. त्याची तेवढीच अट होती.

मग सावळीरामनं बोलावून घेतलेल्या हिरामणनं मालाची पाहणी केली. आता हसू नका, पण ती बैलाची असते तशीच केली. आधी लांबून एक फेरी मारली. मग टाकीवर थाप दिली. मग खाली वाकून पंख्याच्या पात्यांवरून बोटं फिरवली, खूर बघावेत तशी. एवढंच कशाला, टाकीचं बूच काढून आत वासही घेतला. खांबेटे तोंड उघडं टाकून बघत होते.

"साहेब, आमच्यात भाव तोंडानं होत नाय," हिरामण म्हणाला. "रुमालाखाली होतो. हात द्या."

त्यानं खांबेट्यांना चिंचेखाली नेलं आणि रीत समजावली. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा, खाली एकानं दुसऱ्याची बोटं धरायची. एक बोट म्हणजे दहा हजार, अख्खा पंजा म्हणजे पन्नास. बघणाऱ्याला काही कळत नाही. आणि सौदा झाला तरी आकडा तोंडातून काढायचा नाही. माल उंबऱ्याबाहेर पडेपर्यंत तो रुमालातच राहिला पाहिजे, नाहीतर बैल वाटेत बसतो.

"आणि इंजिन?" खांबेट्यांनी विचारलं.

"तेही बसंल," हिरामण म्हणाला.

मालकानं सौद्याच्या वेळी तोंड फिरवून बसायचं, हीही त्याचीच शिस्त. सावळीराम शेवंतीकडं तोंड करून बसला. मागून खांबेट्यांचं हसणं ऐकू येत होतं, मधेच हिरामणचं खोकणं. बऱ्याच वेळानं हिरामण त्याच्याजवळ येऊन टेकला.

"तीन बोटं धरली साहेबानं," तो हळूच म्हणाला.

"तीस?"

"तीन बोटं."

सावळीरामनं गमतीनं खांद्यावरचा रुमाल काढून पुढं केला. "मला पण धरून दाखव की."

"येडा का तू? आपल्यात रुमाल कशाला? रुमाल परक्यात. आपलं तोंडानं." हिरामणनं त्याचा हात खाली सारला. "देऊ का?"

"तुला पटतंय ना? मग देऊन टाक."

घरात आकडा कळला तेव्हा भारतचं तोंड उतरलं. खांबेटे सत्तरच्या खाली बोलायचे नाहीत असा त्याचा अंदाज होता. सावळीराम त्याच्यावर खेकसला, म्हणाला, तुला विलायती भाव माहिती, आम्हाला इथले. साळूबाई उठून चुलीकडं गेली. तिचं ते उठून जाणं सावळीरामला पोराच्या बोलण्यापेक्षा जास्त टोचलं.

संध्याकाळी हिरामण पैसे घेऊन आला. जो सौदा करतो तोच पैसे घेऊन मालकाला पोचते करतो, ही बाजाराची रीत. सावळीरामनं पुडकं घेतलं, देवापुढं ठेवलं, हात जोडले आणि त्यातले निम्मे काढून हिरामणपुढं धरले. हे त्यानं कधीचं ठरवून ठेवलं होतं. बुडी कुणाची होती? फटफटी दोघांची होती. कागदावर नसेल, पण होती.

"नको, नको. काय लावलंय," हिरामण म्हणाला. पण त्यानं डोळे वर केले नाहीत.

"घे गपचूप. नाय घेतलेस तर फटफटी परत चाळीत ठेवतो."

हिरामणनं घेतले. वर साळूबाईनं केलेली वांग्याची भाजी आणि भाकरी पोटभर खाल्ली, कांदा फोडून मागून घेतला, आणि उद्या खांबेटे यायच्या आत मी येतो, माझ्यासमोर माल उचलू दे, असं दोनदा बजावून गेला.

पण शहरातल्या माणसाला कशाची घाई सुटेल सांगता येत नाही. खांबेट्यांना रात्रभर झोप नसावी. ऊन वर यायच्या आतच त्यांची जीप मळ्यात शिरली. सोबत जुन्या गाद्या आणल्या होत्या फटफटीखाली घालायला. सावळीराम म्हणाला, थांबा जरा, हिरामण येतोय. खांबेटे म्हणाले, हो थांबू की, तोवर चढवून तर ठेवू. भारत आणि खांबेट्यांचा ड्रायव्हर यांनी फटफटी उचलली. सावळीरामनं जीपपर्यंत एक हात तिच्या टाकीवर ठेवला होता. तिथं वडिलांनी बांधलेल्या साखळीनं घासल्याचा वळ अजून होता. बुडाल्यानंतर त्यांनी ती कायम साखळीनं होडीला बांधली होती. भारत बाजाराला उशीर होतो म्हणून तिथूनच पिकअप घेऊन गेला.

साळूबाई चहा घेऊन आली. खांबेट्यांनी कप हातात घेतला, जीपकडं पाहिलं, घराच्या उंबऱ्याकडं पाहिलं आणि लहान मुलासारखे खुलले.

"आता माल उंबऱ्याबाहेर पडला. आता बोललं तर चालतं ना?"

"बोला की," सावळीराम म्हणाला.

"सावळीरामभाऊ, आयुष्यात मी असा व्यवहार केला नव्हता. घरी बायकोला दाखवलं, तिच्या हातावर रुमाल टाकून. हिरामणरावांनी आधी मागितले पंजा आणि पंजा. मी धरला नुसता पंजा. ते रुमाल काढायला लागले. मग मी पुन्हा अख्खा पंजा धरला आणि वर तीन बोटं. एवढी जोरात दाबली की ते म्हणाले, साहेब, बोटं मोडाल." खांबेटे मनापासून हसले. "ऐंशीला महाग नाही हो. दुसरीकडं मला हे मिळालंच नसतं. तुम्ही खूश आहात ना?"

सावळीरामनं बशीतला चहा न पिताच परत कपात ओतला. साळूबाई चहाचं ताट धरून तिथंच उभी होती. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही.

पहिल्यांदा त्याला वाटलं, साहेबाची गफलत होत असेल. नवखा माणूस, बोटं मोजताना चुकला असेल. मग त्याला हिरामणचे शब्द आठवले. तीन बोटं धरली साहेबानं. तीस का म्हणून विचारलं तर हो म्हणाला नाही, पुन्हा तेच म्हणाला, तीन बोटं. म्हणजे खोटं कुठं बोलला होता? तीन बोटं धरलीच होती की साहेबानं. हिरामणनं नुसता त्याआधीचा पंजा गिळला होता. आणि पंजा गिळून वर त्या तिसातलेही निम्मे घेतले. देवापुढं ठेवलेले. काय म्हणावं या माणसाला? ज्या घरात हात मारला त्याच घरात बसून कांदा फोडून मागितला की हो यानं. सावळीरामला राग आला, पण त्या रागाच्या आधी त्याला लाज वाटली, चोरी आपणच करून पकडले गेल्यासारखी. साळूबाई बघत होती ना.

"खूश आहात ना?" खांबेट्यांनी पुन्हा विचारलं. आता त्यांचा आवाज जरा बिचकला होता.

सावळीरामनं तोंड उघडलं. एका शब्दात हिरामणचं वस्त्रहरण झालं असतं. पण परक्या माणसासमोर आपल्या माणसाला उघडं पाडायचं त्याच्या जिवावर आलं. हो, अजूनही. सवय अशी एका कपभर चहात सुटत नाही.

"खूश हाय साहेब," तो म्हणाला. "भाव बरोबर झाला. फक्त तिला पाण्यात घाला. अन् साखळीनं बांधा."

जीप गेली. साळूबाईनं कप उचलले. तिनं टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. ती एवढंच म्हणाली, "पोराला मी काय सांगणार नाय." आणि आत गेली. या घरात शब्द न टाकायची पैज त्यानं स्वतःच लावली होती, ती तिनं त्याच्या बाजूनं दाबून टाकली. सावळीराम ओट्यावर बसून राहिला. चाळीतलं रिकामं पोतं दारातून दिसत होतं.

हिरामण आला तो गिरणाऱ्याहून जिलेबी बांधून घेऊन. मोटारसायकल लावताना त्याला जीपच्या चाकांचे वळ दिसले आणि तो थबकला.

"गेला का साहेब? मी म्हणलं होतं ना थांबवा म्हणून."

"घाई होती त्याला. ये, बस."

हिरामण शेजारी टेकला. पुडा मधे ठेवला. "काय बोलला का?"

सावळीरामनं खांद्यावरचा रुमाल काढला, झटकला आणि आपला उजवा हात पुढं केला.

"हात दे."

"आपल्यात रुमाल?" हिरामण हसला. पण हसणं अर्ध्यावरच राहिलं. सावळीरामनं त्याचा हात ओढून घेतला होता आणि वर रुमाल टाकला होता.

रुमालाखाली सावळीरामनं आधी त्याची पाचही बोटं धरली, घट्ट, अख्खा पंजा. धरून ठेवली. मग सोडली आणि तीन बोटं धरली. हिरामणचा तळवा घामानं ओला झाला. या हातानं आयुष्यभर लोकांचे भाव दाबले होते, पण आता तो भिजलेल्या चिंधीसारखा पडून होता.

"बुडी कुणी मारली होती?" हिरामण शेवटी म्हणाला. "मी मेलो असतो त्या दिवशी. तुझ्या बापानं मला शेजारी जेवाया बसवलं. शेजारी. बस्स. फटफटी तुमचीच राहिली. मी म्हणलं, आता तरी माझं मी घ्यावं."

"मग मागायचं होतंस."

"कसं मागू?"

"तोंडानं. इथं बसून. तूच म्हणतोस ना, आपल्यात तोंडानं." सावळीरामनं डाव्या हातानं जिलेबीचा पुडा बाजूला सारला. "म्हणायचं होतंस, सावळ्या, माझं जास्त हाय, सगळी मला दे. मी दिली असती. निम्मे मी न मागता दिलेच ना? तू घेतलेस. खाली बघत घेतलेस."

हिरामणनं मोकळा हात खिशात घातला. कालचे पंधरा तसेच होते, बहुतेक बाकीचेही. तो ते बाहेर काढू लागला.

"राहू दे. ते तुझेच. फटफटीचा भाव तू केलास, चांगला केलास, माझी काय तक्रार नाय." रुमालाखालचा हात सावळीरामनं अजून सोडला नव्हता. त्यानं आता आपली बोटं सैल केली आणि हिरामणच्या मुठीत ठेवली. "आता आपला भाव कर. तू नि मी. किती वर्षं झाली तुला ठाऊक हाय. माझी बोटं तुझ्या हातात हायेत. दाब, जेवढी दाबायची तेवढी."

हिरामणची बोटं हलली नाहीत. एकदा वाटलं की हलतील, अंगठा जरासा उचलला, पण तो परत खाली टेकला. सावळीराम थांबला. त्याला मनापासून वाटत होतं की यानं एक तरी बोट धरावं. काहीतरी आकडा सांगावा. खोटा सांगितला तरी चालेल.

मग त्यानंच हात काढून घेतला. रुमाल हिरामणच्या हातावर तसाच राहिला. सावळीराम गुडघ्यावर हात टेकून उठला आणि घराच्या दाराकडं तोंड करून म्हणाला, "ऐकलं का, चहा टाक. पाहुणे आलेत."

मग हिरामणकडं वळला.

"बसा, हिरामणराव," तो म्हणाला. "चहा घेतल्याशिवाय जाऊ नका."

हिरामणनं वर पाहिलं. सावळ्याच्या तोंडून राव ऐकायची त्याच्यावर ही पहिलीच वेळ होती. तो रुमाल धरून तसाच बसून राहिला, आणि आत साळूबाईनं आधण ठेवल्याचा आवाज आला.